अमेरिकेची राज्यघटना : घडण आणि वाटचाल

४ मार्च १७८९ रोजी न्यूयॉर्क शहरात अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेनुसार कारभाराला आरंभ झाला. त्या दिवशी संघराज्यात अकरा राज्ये होती. आज पन्नास आहेत. यादवी युद्ध, दोन महायुद्धे, आर्थिक मंदी आणि राष्ट्राध्यक्षाच्या राजीनाम्यापर्यंत गेलेले पेचप्रसंग या घटनेने पाहिले. या सगळ्या काळात ती कधी रद्द झाली नाही, की बाजूला ठेवून नवी लिहिली गेली नाही. मूळची सात कलमे आणि नंतरच्या २७ दुरुस्त्या एवढाच तिचा विस्तार. मात्र तिच्या घडणीत व्यापारी, वकील, शेतकरी, पत्रकार, सैनिक, गुलामगिरीतून सुटलेली माणसे आणि मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रिया अशा असंख्य जणांचा वाटा आहे. त्या सर्वांच्या श्रमांची ही नोंद.

पूर्वपीठिका

या वाटचालीचे पहिले पाऊल राज्यघटनेच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षे आधी पडले. ३० जुलै १६१९ रोजी व्हर्जिनिया वसाहतीतील जेम्सटाउन येथील चर्चमध्ये वस्त्यावस्त्यांतून निवडून आलेले प्रतिनिधी गव्हर्नर आणि त्याच्या सल्लागारांसह एकत्र बसले. अकरा वस्त्यांतून प्रत्येकी दोन असे बावीस प्रतिनिधी होते. इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतींमधील ही पहिली लोकनियुक्त सभा. त्याच वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसहून थोड्या अधिक आफ्रिकी बंदिवानांना आणून विकण्यात आले. लोकप्रतिनिधित्व आणि गुलामगिरी या दोन्हींचा आरंभ एकाच वर्षी, एकाच वसाहतीत व्हावा, ही गोष्ट पुढच्या संपूर्ण इतिहासाला पुरून उरली.

नोव्हेंबर १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या ४१ पुरुषांनी किनाऱ्यावर वस्ती करण्यापूर्वीच एका करारावर सह्या केल्या. आपण मिळून एक नागरी समाज स्थापू आणि सर्वांच्या हितासाठी केलेले कायदे पाळू, असा त्याचा आशय होता. १६३९ मध्ये कनेक्टिकटच्या तीन गावांनी कारभाराचे लेखी नियम ठरवले. न्यू इंग्लंडच्या गावोगावी ग्रामसभा भरू लागल्या. रस्ता, शाळा, कर, गावचे रखवालदार यांसंबंधीचे निर्णय गावकरी एकत्र बसून घेत. मताचा अधिकार मर्यादित होता, तरी कारभार लेखी नियमांनी बांधलेला असावा आणि कर लावण्यापूर्वी प्रतिनिधींची संमती घ्यावी, या दोन सवयी लोकांच्या अंगवळणी पडल्या.

त्यांच्यामागे इंग्लंडचा वारसा होता. १२१५ च्या मॅग्ना कार्टाने राजालाही कायद्याच्या मर्यादेत आणले होते. १६८९ च्या हक्कनाम्याने पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवण्यास राजाला मनाई केली होती. जॉन लॉकने सत्तेचा पाया प्रजेच्या संमतीत असल्याचे मांडले. १७४८ मध्ये फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यू याने कायदे करणारी, ते राबवणारी आणि न्याय देणारी सत्ता एका हाती एकवटली तर स्वातंत्र्य उरत नाही, असा सिद्धान्त मांडला. वसाहतींतील शिकलेल्या वर्गाने हे ग्रंथ बारकाईने वाचले. शेजारच्या इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांचा संघही त्यांच्या पाहण्यातला होता. १७५४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी ऑल्बनी येथील बैठकीत सर्व वसाहतींच्या एकत्रित कारभाराची योजना मांडली. वसाहतींनी ती नाकारली आणि लंडनलाही ती रुचली नाही; तरी एकत्र येण्याची कल्पना कागदावर आली ती तेव्हा.

संघर्ष आणि स्वातंत्र्य

१७६३ मध्ये सात वर्षांचे युद्ध संपले, तेव्हा ब्रिटनवर कर्जाचा डोंगर होता. तो हलका करण्यासाठी १७६५ मध्ये स्टँप अ‍ॅक्ट आला. कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रे, पंचांगे, एवढेच काय पत्त्यांच्या जोडावरही कर बसला. ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही प्रतिनिधी नाही तिने आपल्यावर कर लादू नये, अशी वसाहतींची भूमिका होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये जमले आणि त्यांनी निषेध नोंदवला. पुढच्याच वर्षी तो कर मागे घेतला गेला, पण वाद मिटला नाही.

१७७३ मध्ये डबघाईला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला सावरण्यासाठी तिचा चहा वसाहतींत थेट विकण्याची सवलत देण्यात आली. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात तिच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. याच कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांनी पुढे दोनच वर्षांत राघोबादादांशी सुरतेचा तह करून मराठ्यांशी युद्ध ओढवून घेतले. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच सत्तेशी एकाच काळात झुंज चालू होती.

बोस्टनचे बंदर बंद करून ब्रिटनने उत्तर दिले. ५ सप्टेंबर १७७४ रोजी जॉर्जिया वगळता बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाच्या कार्पेंटर्स हॉलमध्ये जमले. ही पहिली खंडीय काँग्रेस. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे गोळीबार झाला आणि युद्धाला तोंड फुटले. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन यांची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. राजेशाहीच मुळात निरर्थक आहे, हे तिने साध्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगितले. २ जुलै रोजी काँग्रेसने स्वातंत्र्याचा ठराव मंजूर केला आणि ४ जुलै १७७६ रोजी जाहीरनामा स्वीकारला. मसुदा तेहतीस वर्षांच्या टॉमस जेफरसन यांचा, पण तो पाच जणांच्या समितीने आणि नंतर संपूर्ण सभागृहाने तपासून बराच बदललेला. सर्व माणसे समान आहेत असे सांगणाऱ्या या मसुद्याच्या लेखकाकडे स्वतःचे गुलाम होते, हेही याच इतिहासाचा भाग आहे.

१९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात आला. ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहाने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य झाले. त्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अ‍ॅनापोलिस येथे काँग्रेससमोर सेनापतिपदाचा राजीनामा ठेवला आणि ते आपल्या शेतावर परतले. विजयी सेनापतीने सत्ता हाती न घेता लोकप्रतिनिधींपुढे नमते घेतले, हा पायंडा पुढच्या लोकशाहीला फार उपयोगी पडला.

राज्यांतील प्रयोग आणि संघाची दुर्बलता

युद्ध चालू असतानाच राज्यांनी आपापल्या घटना लिहायला घेतल्या. व्हर्जिनियात जॉर्ज मेसन यांनी जून १७७६ मध्ये हक्कांचा जाहीरनामा तयार केला. पेनसिल्व्हेनियाने गव्हर्नरच नको म्हणून एकाच सभागृहाच्या हाती कारभार दिला. न्यू जर्सीने मालमत्ता असलेल्या स्त्रियांना मतदान करू दिले; १८०७ मध्ये तो हक्क काढून घेण्यात आला.

मॅसॅच्युसेट्सचा प्रयोग सर्वांत दूरगामी ठरला. तेथील विधिमंडळाने १७७८ मध्ये स्वतःच घटना लिहून ग्रामसभांपुढे ठेवली. ग्रामसभांनी ती मोठ्या बहुमताने फेटाळली. तिच्यात नागरिकांच्या हक्कांची यादी नव्हती. शिवाय रोजचे कायदे करणाऱ्यांनीच घटनाही करावी, हे अनेक गावांना पटले नाही. मग केवळ घटना लिहिण्यासाठी वेगळी परिषद निवडली गेली. जॉन अ‍ॅडम्स यांनी मसुदा केला आणि १७८० मध्ये गावोगावच्या सभांनी तो वाचून, कलमवार चर्चा करून स्वीकारला. घटना वेगळ्या परिषदेने लिहावी आणि लोकांनी ती मंजूर करावी, ही आज जगभर रूढ असलेली पद्धत या ग्रामसभांनी घालून दिली. ती घटना आजही अंमलात आहे.

तिचा पहिला मोठा लाभ घेतला तो एका गुलाम स्त्रीने. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, असे नवी घटना म्हणते हे ऐकून बेट नावाच्या या निरक्षर स्त्रीने वकील गाठला. १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टाने तिला मुक्त ठरवले. पुढे तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदला गेला नाही. घटनेतले शब्द ज्यांच्यासाठी लिहिलेच गेले नव्हते त्यांनीच ते आपलेसे करावेत आणि खरे करून दाखवावेत, ही परंपरा या निकालापासून सुरू झाली.

राज्ये अशी शिकत असताना त्यांचा संघ मात्र लंगडत होता. १ मार्च १७८१ रोजी लागू झालेल्या संघकरारानुसार काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागे आणि राज्ये ते देत किंवा न देत. प्रत्येक राज्याला एक मत, महत्त्वाच्या निर्णयाला नऊ राज्यांची संमती आणि करारात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार. आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे बारगळला. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी घेरल्यामुळे काँग्रेसला फिलाडेल्फिया सोडून प्रिन्स्टनला जावे लागले.

१७८६ च्या शरद ऋतूत पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकरी शस्त्रे घेऊन उठले. त्यांत स्वातंत्र्ययुद्धात लढलेले कित्येक जण होते. जमिनींवर जप्ती येऊ नये म्हणून त्यांनी न्यायालये बंद पाडली. डॅनियल शेज यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली. संघाकडे फौज नव्हती. राज्याने श्रीमंतांकडून वर्गणी गोळा करून सैन्य उभे केले आणि उठाव मोडला. स्वातंत्र्य मिळाले, पण राज्य चालवता येत नाही, हे सत्य आता कोणालाही झाकता येईना.

फिलाडेल्फियाची परिषद

सप्टेंबर १७८६ मध्ये व्यापाराच्या प्रश्नावर अ‍ॅनापोलिसला बैठक झाली, तेव्हा पाचच राज्यांचे प्रतिनिधी आले होते. तेथे जेम्स मॅडिसन आणि अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने पुढच्या मे महिन्यात सर्वसमावेशक परिषद भरवण्याची शिफारस झाली. १४ मे १७८७ हा ठरलेला दिवस उजाडला तरी गणसंख्या पूर्ण होईना. अखेर २५ मे रोजी सात राज्ये जमली आणि वॉशिंग्टन यांची अध्यक्षपदी एकमताने निवड झाली. ज्या दालनात स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला होता त्याच दालनात काम सुरू झाले. एकंदर ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडने शेवटपर्यंत कोणालाही पाठवले नाही. जेफरसन पॅरिसमध्ये आणि अ‍ॅडम्स लंडनमध्ये वकिलातीच्या कामात होते.

चर्चा गुप्त ठेवण्याचा नियम झाला. प्रतिनिधींना मोकळेपणाने मत मांडता यावे आणि पटल्यास बदलता यावे, हा त्यामागचा हेतू होता. मॅडिसन समोर बसून रोज टिपणे घेत आणि रात्री ती नीट लिहून काढत. जुन्या संघराज्यांच्या उदयास्ताचा त्यांनी आधीच अभ्यास केला होता; त्यासाठी जेफरसन यांनी पॅरिसहून पेट्या भरून पुस्तके पाठवली होती. ही टिपणे त्यांच्या निधनानंतर, १८४० मध्ये प्रसिद्ध झाली. परिषदेच्या अंतरंगाची आज असलेली माहिती मुख्यतः या टिपणांमुळेच मिळते.

२९ मे रोजी एडमंड रँडॉल्फ यांनी व्हर्जिनियाची योजना मांडली : दोन सभागृहे आणि दोन्हींत लोकसंख्येनुसार जागा. छोटी राज्ये धास्तावली. १५ जून रोजी विल्यम पॅटरसन यांनी न्यू जर्सीच्या वतीने प्रत्येक राज्याला समान मत देणारी योजना ठेवली. जूनअखेरीस परिषद मोडते की काय, अशी वेळ आली. रॉजर शेर्मन आणि ऑलिव्हर एल्सवर्थ या कनेक्टिकटच्या प्रतिनिधींनी मधला मार्ग सुचवला आणि १६ जुलै रोजी तो एका मताच्या फरकाने मान्य झाला : प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान स्थान.

सत्तेची रचनाही तोलून केली गेली. काँग्रेसने कायदा करावा. राष्ट्राध्यक्षाला तो नाकारता यावा. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढावा. राष्ट्राध्यक्षाने न्यायाधीश नेमावेत, पण सिनेटच्या संमतीने. आणि एकदा नेमलेल्या न्यायाधीशाला सद्वर्तन असेपर्यंत कोणी हलवू नये. इंग्लंडमध्ये मंत्रिमंडळ पार्लमेंटमधून निघते आणि तिच्या विश्वासावर टिकते. येथे कार्यकारी सत्ता कायदेमंडळापासून वेगळी काढून ठराविक मुदतीसाठी निवडली गेली. संसदीय पद्धतीशेजारी अध्यक्षीय पद्धत उभी राहिली ती या दालनात.

या कामावर एक काळी छाया आहे. प्रतिनिधींपैकी निम्म्याच्या जवळपास जणांकडे गुलाम होते. दक्षिणेकडील राज्यांना संघात ठेवण्यासाठी पाच गुलामांमागे तीन माणसे धरून जागा देण्याचे ठरले. आफ्रिकेतून गुलाम आणण्यास १८०८ पर्यंत मनाई करता येणार नाही आणि पळालेला गुलाम परत द्यावा लागेल, अशीही तरतूद झाली. गुव्हर्नर मॉरिस यांनी सभागृहात गुलामगिरीवर कडाडून टीका केली, पण तडजोड झाली. तिची किंमत पुढच्या पिढ्यांनी रक्ताने मोजली.

अखेरची भाषा मॉरिस यांनीच घडवली. प्रस्तावनेतील तेरा राज्यांची यादी काढून त्यांनी तेथे जनतेचे नाव घातले. लेखनिक जेकब शॅलस यांनी मजकूर चार चर्मपत्रांवर उतरवला. १७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांनी सह्या केल्या. त्यांत ८१ वर्षांचे फ्रँकलिन वयाने सर्वांत ज्येष्ठ होते. त्या दिवशी हजर असूनही मेसन, रँडॉल्फ आणि एल्ब्रिज गेरी या तिघांनी सही केली नाही. मेसन यांनी हक्कांची सनद जोडण्याची मागणी केली होती आणि ती फेटाळली गेली होती.

मान्यता आणि हक्कांची सनद

घटना लागू होण्यासाठी नऊ राज्यांची मान्यता हवी होती. ७ डिसेंबर १७८७ रोजी डेलावेअरने एकमताने पहिली मान्यता दिली. पुढचा रस्ता खडतर होता. दूरचे बलाढ्य सरकार आपले स्वातंत्र्य गिळून टाकील, अशी भीती व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री आणि मॅसॅच्युसेट्समध्ये लेखिका मर्सी ओटिस वॉरन यांनी बोलून दाखवली. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने घटनेच्या बाजूने लिहिलेले ८५ निबंध ‘फेडरलिस्ट’ या नावाने आजही अभ्यासले जातात.

मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८ अशी निसटती मान्यता मिळाली, तीही दुरुस्त्यांची शिफारस सोबत जोडून. २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायर नववे राज्य ठरले. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. ऱ्होड आयलंड सर्वांत शेवटी, २९ मे १७९० रोजी, ३४ विरुद्ध ३२ मतांनी आले. विरोधकांनी हा पराभव मान्य केला, आणि विजेत्यांनीही त्यांचे ऐकले. प्रथम सनदेची गरज न वाटलेल्या मॅडिसन यांनीच ८ जून १७८९ रोजी काँग्रेसपुढे दुरुस्त्या मांडल्या. राज्यांकडे पाठवलेल्या बारांपैकी दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजूर झाल्या. भाषण, धर्म, मुद्रण आणि सभा यांचे स्वातंत्र्य, विनाकारण झडतीपासून संरक्षण, ज्यूरीपुढे खटला हे हक्क अमेरिकी नागरिकाला मिळाले, त्यात घटनेला विरोध करणाऱ्यांचे श्रेय मोठे आहे.

पहिली पावले

नव्या काँग्रेसचा पहिला दिवस ४ मार्च १७८९ ठरला होता, पण रस्ते चिखलाचे आणि प्रवास लांबचा. प्रतिनिधिगृहाची गणसंख्या १ एप्रिलला आणि सिनेटची ६ एप्रिलला पूर्ण झाली. ३० एप्रिल रोजी वॉशिंग्टन यांनी फेडरल हॉलच्या सज्जात शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये सहा न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय स्थापन करणारा कायदा झाला. दोन मुदतींनंतर वॉशिंग्टन स्वेच्छेने निवृत्त झाले. हा संकेत १९४० पर्यंत पाळला गेला आणि १९५१ मध्ये बाविसाव्या दुरुस्तीने नियम बनला.

१८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि अ‍ॅरन बर यांना समान मते पडली. प्रतिनिधिगृहात छत्तिसाव्या फेरीत जेफरसन निवडून आले. पराभूत अ‍ॅडम्स यांनी सत्ता सोडली आणि ४ मार्च १८०१ रोजी एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे ती शांततेने गेली. १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी घटनेशी विसंगत कायदा न्यायालय रद्द ठरवू शकते, हे तत्त्व प्रस्थापित केले. पुढे जगभरच्या घटनात्मक न्यायालयांनी ते उचलले.

कसोटी आणि विस्तार

फिलाडेल्फियाने टाळलेला प्रश्न मात्र पिढीगणिक चिघळत गेला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल दिला. न्यायालयाच्या इतिहासातील हा सर्वांत निंद्य निकाल मानला जातो. अब्राहम लिंकन निवडून आल्यावर दक्षिणेतील अकरा राज्ये फुटली आणि १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिकांनी प्राण गमावले. युद्धाच्या ऐन धुमाळीत, १८६४ मध्ये, अध्यक्षपदाची निवडणूक ठरल्या वेळी झाली. युद्धानंतर तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली, चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. फ्रेडरिक डग्लस यांच्यासारख्या गुलामगिरीतून निसटलेल्या वक्त्यांनी आणि युद्धात लढलेल्या हजारो कृष्णवर्णीय सैनिकांनी ही दारे उघडली.

१८७७ नंतर दक्षिणेत ती पुन्हा लोटली गेली. मतदार कर, वाचनपरीक्षा आणि उघड दहशत यांनी मताधिकार नामशेष झाला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेच्या वेगळ्या डब्यांना मान्यता दिली. जवळजवळ साठ वर्षे घटनेतील शब्द आणि रस्त्यावरचे जगणे यांत हे अंतर राहिले. ते मिटवण्यासाठी वकिलांच्या फळीने एकेक खटला लढवला. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरवला. खटला लढवणारे थर्गुड मार्शल १९६७ मध्ये त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. मताधिकारासाठी मोर्चा काढून सेल्माच्या पुलावर लाठ्या खाणाऱ्या माणसांमुळे १९६५ चा मताधिकार कायदा आला.

स्त्रियांचा लढा १८४८ च्या सेनेका फॉल्स परिषदेपासून चालू होता. एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच धर्तीवर तेथे स्त्रियांचा जाहीरनामा मांडला. १८७२ मध्ये मतदान केल्याबद्दल सुझन अँथनी यांना अटक झाली. ऑगस्ट १९२० मध्ये एकोणिसाव्या दुरुस्तीचे भवितव्य टेनेसीच्या विधिमंडळात एका मतावर येऊन ठेपले. हॅरी बर्न या चोवीस वर्षांच्या सदस्याने आईच्या पत्राचा मान राखून आपले मत फिरवले आणि ७२ वर्षांच्या लढ्याला यश आले. मूळ रहिवाशांना १९२४ च्या कायद्याने नागरिकत्व मिळाले. १९७१ मध्ये मताधिकाराचे वय अठरा झाले. मॅडिसन यांच्या मूळ बारांपैकी खासदारांच्या वेतनाविषयीची दुरुस्ती टेक्सासमधील एका विद्यार्थ्याच्या पाठपुराव्यामुळे पुन्हा जिवंत झाली आणि २०२ वर्षांनी, १९९२ मध्ये, सत्ताविसावी म्हणून घटनेत आली.

भारतातील ठसा

महाराष्ट्राने या वाटचालीकडे फार लवकर लक्ष दिले. टॉमस पेन यांच्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या ग्रंथाने तरुण जोतीराव फुले प्रभावित झाले होते. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकी आणि भारतीय पद्धतींची सविस्तर तुलना केली. अध्यक्षीय पद्धत अधिक स्थैर्य देते, पण संसदीय पद्धतीत सरकारला रोज जाब द्यावा लागतो, म्हणून भारताने दुसरी निवडली, असे त्यांनी स्पष्ट केले. घटना सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी १९४७ मध्ये अमेरिकेत जाऊन न्यायाधीश फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याशी चर्चा केली. मूलभूत हक्क, न्यायालयीन पुनर्विलोकन आणि जनतेच्या नावाने सुरू होणारी प्रस्तावना यांत अमेरिकी अनुभवाचा वाटा आहे. घटना समितीने तो डोळसपणे घेतला आणि आपल्या गरजेनुसार बदलला. १९५२ मध्ये कोलंबियाने डॉ. आंबेडकरांना सन्माननीय पदवी देऊन या कार्याची दखल घेतली.

आज

आज प्रतिनिधिगृहात ४३५, सिनेटमध्ये १०० सदस्य आणि सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश आहेत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी जानेवारी २०२३ मध्ये मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून प्रतिनिधिगृहात शपथ घेतली. घटनेपुढील प्रश्न संपलेले नाहीत. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने आदेश दिल्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना आपल्या संभाषणांच्या ध्वनिफिती चौकशीसाठी द्याव्या लागल्या आणि पंधरवड्याच्या आसपास त्यांनी पद सोडले. ६ जानेवारी २०२१ रोजी मतमोजणी रोखण्यासाठी जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला. सदस्य त्याच रात्री सभागृहात परतले आणि पहाटेपर्यंत मोजणी पूर्ण केली. सिनेटमधील समान जागा, मतदारवृंदामार्फत राष्ट्राध्यक्ष निवडण्याची पद्धत, मतदारसंघांची आखणी यांवर तेथे आजही कडाडून वाद चालतात. दोन-तृतीयांश काँग्रेस आणि तीन-चतुर्थांश राज्ये यांच्या संमतीची अट दुरुस्तीला अवघड करते. आजवर राज्यांकडे गेलेल्या ३३ प्रस्तावांपैकी २७ मंजूर झाले.

४ जुलै २०२६ हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा २५० वा वर्धापनदिन. या काळाचा हिशेब मांडला तर घटनाकारांचे सर्वांत मोठे श्रेय त्यांनी आपल्या कामात दुरुस्तीची वाट ठेवली, याला द्यावे लागते. आणि ती वाट चालून दाखवण्याचे श्रेय ज्यांना घटनेने आरंभी बाहेर ठेवले होते त्यांना. घटना कशी घडते हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी मॅडिसन यांची टिपणे आणि आपल्या घटना समितीतील चर्चांचे खंड शेजारी ठेवून वाचावेत. दोन्ही छापील स्वरूपात उपलब्ध आहेत, आणि दोन्हींत मतभेद असूनही एकत्र बसलेल्या माणसांचे काम दिसते.